वड्यांसाठी आलेलं पाणी

२५ फेब्रुवारी

आज वडी जमली. म्हणजे ताटातून अख्खी सुटली, मोडली नाही आणि हाताला चिकटलीही नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, बिया काढलेला खजूर, तीळ, जवस, ज्वारीच्या लाह्या आणि कोको. साखर नाही, मैदा नाही, भट्टीची गरज नाही. परातीत मळायचं, थापायचं, वर वितळवलेल्या काळ्या चॉकलेटचा पातळ थर द्यायचा आणि घट्ट व्हायला ठेवायचं. बीडला हॉस्टेलवर असताना मी हे दहा वेळा करून पाहिलं होतं, पण तिथे फ्रीज होता.

बचत गटातल्या निम्म्या घरांना ऊसतोडीमुळे कुलपं आहेत. मागे राहिलेल्यांपैकी आई आणि शेजारच्या वत्सलाकाकू मदतीला होत्या. काकूंनी वडी उलटीसुलटी केली.

"शिवे, ही वडी हाय का गवरी? पोरं चुलीत घालतील."

"काकू, खाऊन तर बघा. ह्यात लोह असतं."

"लोखंड? मंग र्‍हायलेले दात बी जातेत माझे."

पण खाल्ली. थोडा वेळ तोंड हलवत बसल्या आणि म्हणाल्या, "कडू हाय. पर चव जिभंवरनं जात न्हाई." मी हे प्रशस्तिपत्र समजते.

बीडच्या आमच्या कॉलेजच्या मॅडमनी पाटोद्याच्या एका मेडिकलवाल्याशी बोलून ठेवलंय. अशक्त बायांना, बाळंतिणींना तो वड्या सुचवणार. ऊसतोडीला न जाता गावात बसून बायांना काम मिळालं तर? हे मी कुणाला मोठ्याने सांगत नाही. इथे लिहिते.

५ मार्च

मेडिकलमधून डबा परत आला. चॉकलेटचा थर कागदाला चिकटून राहिला आणि वड्या उघड्या पडल्या. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही, तिथे चॉकलेट काय राहणार.

उपाय सापडला. रुंद टोपल्यात वाळू, वाळूवर ताटं, सगळ्यावर ओलं पोतं. वारा लागला की आत गारवा धरतो. थर घट्ट बसतो, चमकतोसुद्धा. पण पोतं दिवसभर ओलं ठेवायचं तर घागरभर पाणी जातं. टँकर येतो तो विहिरीत ओततो आणि मग ज्याचा पोहरा आधी पडेल त्याचं पाणी.

काकू पोत्याकडे बघत म्हणाल्या, "माणसाला न्हायला पाणी न्हाई, आन् हिच्या वड्या न्हातेत."

सगळ्या हसल्या. मीही हसले. नंतर मात्र मला जेवण गेलं नाही. काकू खरं बोलल्या होत्या.

१४ मार्च

भाकरी घेऊन चारा छावणीवर गेले. छावणी उघडल्यापासून आप्पा तिथेच राहतात, दोन बैल आणि गाय घेऊन. उसाच्या वाढ्यांचा वास, माश्या, आणि ओळीने बांधलेली गावोगावची जनावरं. छावणी सरकारी, पण चालवते आमची दूध सोसायटी, म्हणजे चेअरमन भगवानराव.

आप्पांना सांगितलं की मी काम बंद करते, पाण्याचं पाप नको. स्वतः कोयता धरला पण मला कधी फडावर नेलं नाही, आजीकडे ठेवून शिकवलं, असे माझे आप्पा. त्यांच्यापुढे हरले म्हणायची लाज वाटली.

भगवानराव तिथेच बाजेवर बसले होते. त्यांनी डब्यातली वडी मागून घेतली.

"कावून बंद करती? आमच्या सोसायटीची थंडी खोली मोकळीच पडली की. दूधच न्हाई तर कूलर काय चाटायचा?" मग आप्पांकडे वळून, "आश्रुबा, पोरगी हुशार हाय तुझी. कोणत्या नक्षत्रावरची?"

आप्पांनी सांगितलं. जुन्या माणसांना धंद्यातही ग्रह बघायची सवय असते. मला हसू आलं, पण खोलीचं ऐकून पाय जमिनीवर नव्हते. सहकार सहकार म्हणून परीक्षेत लिहिलं होतं. तो असा बाजेवर बसून वडी खात असेल असं वाटलं नव्हतं.

१९ मार्च

भगवानरावांच्या मंडळी सावित्रीबाई आल्या, काम बघायला. सोबत त्यांचा पुतण्या अर्जुन होता, चाकणला कंपनीत असतो. कपिलधारला दर्शनाला गेले होते, येताना इकडे वळले. आईने सकाळीच घर सारवलं होतं आणि मला हॉस्टेलातली हिरवी साडी नेसायला लावली. कोको मळायला साडी! पण पाहुण्यांपुढे वाद नको.

सावित्रीबाईंनी माझे हात हातात घेऊन पाहिले. मी म्हटलं, "डाग कोकोचे आहेत, निघतात." त्या म्हणाल्या, "हात कामाचे हायेत, तेच बघितलं."

भाकरी येते का, सकाळी कधी उठते, तेही विचारलं. माणूस मेहनती आहे की नाही हे कळल्याशिवाय सोसायटी खोली कशी देईल? मी सगळी उत्तरं नीट दिली.

अर्जुनने तीन वड्या खाल्ल्या. बाहेर पोत्यापाशी मी त्याला गारवा कसा धरतो ते समजावत होते, तर मधेच म्हणाला, "पुण्यात करमेल का तुम्हाला?"

मी म्हटलं, "पुण्याचा विचार इतक्यात नाही. उन्हात इतक्या लांब माल टिकत नाही. आधी पाटोदा आणि बीड पक्कं करायचं." आणि पाकीट देऊन त्यावरची मुदतीची तारीख दाखवली. तो खाली बघून हसत राहिला. मोकळा वाटला मुलगा. निदान चेष्टा करत नव्हता.

जाताना सावित्रीबाईंनी माझी ओटी भरली. आईचे डोळे भरून आले. माझ्या कामामुळे आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी प्रथमच पाहिलं.

२७ मार्च

हे कसं लिहू कळत नाही.

सकाळी दार उघडलं तर उंबर्‍याशी भरलेली घागर. तिच्या गळ्याला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. वत्सलाकाकू पाठमोर्‍या चालल्या होत्या. ज्यांनी मला टोमणा मारला, त्याच. मी हाक मारली तर मागे न बघता म्हणाल्या, "र्‍हाऊ दे, र्‍हाऊ दे. घरात घे, उन्हात नको ठिवू."

दुपारपर्यंत आणखी घागरी आल्या. कुणी कळशी आणली, कुणी स्टीलचा हंडा. एक बाई तर माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून गेली. आईला विचारलं तर म्हणाली, "इहिरीवर बोलले मी. आपल्या घरी काम हाय म्हनलं."

ज्या गावात पोहर्‍यावरून भांडणं होतात तिथे बायका आपल्या वाट्याचं पाणी दुसरीच्या धंद्याला आणून देतात! गटाच्या मीटिंगला वेळेवर येत नाहीत म्हणून मी चिडायचे. माझीच समज तोकडी होती. पोतं जपून ओलं केलं. एक थेंब सांडू दिला नाही.

६ एप्रिल, पाडवा

ऊसतोडीची घरं परत आली. टायरगाड्या, ट्रॅक्टर, काळवंडलेली माणसं. कुलपं निघाली आणि त्या घरांतूनही घागरी आल्या. ज्यांचं अजून बिर्‍हाड लागलेलं नाही, त्यांच्याकडूनसुद्धा! मी नको म्हटलं तर एक म्हणाली, "आमी फडात हुतो म्हणून मागं र्‍हायलो, न्हाईतर आदीच आणली असती."

वड्या झकास होतायत. मेडिकलवाल्याने दुप्पट मागणी केली. थंडी खोली आखितीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर मिळणार आहे.

गोड घेऊन छावणीवर गेले. आप्पा गाईचं अंग पुसत होते, माझ्याकडे बघत नव्हते.

"खूश हायेस ना, बाळा?"

"इतकी कधीच नव्हते."

"मंग झालं," म्हणाले. आणि तीच जागा पुन्हापुन्हा पुसत राहिले.

आप्पा वाळले आहेत. छावणीतलं अन्न त्यांना मानवत नसेल. आता रोज दोन वड्या पाठवते.

१५ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

आज गटाची बैठक होती. मी भाषण तयार केलं होतं. म्हटलं, "तुम्ही मला जे पाणी दिलं त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण हे एकटीपुरतं राहू नये. पुढच्या महिन्यात दुसर्‍या कुणा मुलीने काही सुरू केलं, तर आपण सगळ्या तिलाही अशाच घागरी देऊ. हा आपला नियमच करू."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग हशा. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून.

वत्सलाकाकू म्हणाल्या, "येडे, लगीन काय दर महिन्याला आसतंय का?"

"कुणाचं लग्न?"

हशा थांबला.

मला वाटलं काकू चेष्टा करतात. मी आईकडे बघितलं. आई परातीतलं पीठ खरवडत होती. परातीत पीठ नव्हतं.

मग काकूंनीच सांगितलं, हळू आवाजात. बहात्तरच्या दुष्काळात त्या नवरी होऊन या गावात आल्या, तेव्हा हळदीला पाणी नव्हतं. गावाने घरटी एक घागर दिली. तेव्हापासून रीत अशी की दुष्काळात लग्नघर असेल तर घराघरातून घागर जाते, हळदकुंकू लावून. नंतरच्या दुष्काळांत लोकांनी लग्नंच पुढे ढकलली म्हणून माझ्या पिढीला माहीत नाही. आखितीचा मुहूर्त आहे. नवरा मुलगा अर्जुन.

ज्या पाण्याने मी एवढे दिवस चॉकलेट गार केलं ते माझ्या हळदीचं होतं.

१६ एप्रिल

आई म्हणते, मला वाटलं तुला कळलंय. साडी नेसलीस, ओटी घेतलीस, त्या पोराशी हसून बोललीस.

तिला खरंच तसं वाटलं का? मी ह्या वहीची मागची पानं वाचली. नक्षत्र, भाकरी, हात. एवढं शिकून मला दिसलं नाही, की बघायचंच नव्हतं? आप्पा मला न विचारता काही करणार नाहीत, हे मी धरूनच चालले होते. त्यामुळे बाकी काहीही झालं तरी मी त्याचा वेगळा अर्थ लावत गेले.

१७ एप्रिल

छावणीवर जाऊन उभीच राहिले. आप्पांनी बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"मला का नाही विचारलं?"

"इचारलं आसतं तर तू न्हाई म्हनली आसतीस."

"म्हणून नाही विचारलं?"

"काय वंगाळ हाय त्या पोरात? हुंडा न्हाई, मानपान न्हाई. तुझं वड्याचं काम चालू र्‍हाईल म्हनलेत, खोली देतेत. मी कुठून देनार हुतो तुला खोली?" मग आवाज उतरवून, "भगवानराव सोता बाजंवर बसून मला म्हनले, आश्रुबा, पोरगी आमाला द्या. मला माझ्या जल्मात कुनी 'द्या' म्हनलेलं न्हाई, शिवे. समदे 'घे' आन् 'कर' म्हनतेत."

मी भांडायला गेले होते. ह्या वाक्यावर तशीच मागे फिरले. परत येताना मात्र राग पुन्हा वर आला. त्यांना मान मिळाला, मग मला कुणी विचारायचं?

२० एप्रिल

अर्जुनचा फोन आला. त्याला कुणीतरी सांगितलंय. म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मी पुण्याचं विचारलं तर तुम्ही मुदतीची तारीख दाखवली. मला वाटलं, काय थट्टा करते ही मुलगी."

मला हसू आलं, मग रडू. तो थांबला. म्हणाला, "मोडायचं असेल तर मी मोडतो. माझं नाव पुढे करा."

"मुलाने मोडलं तर लोक म्हणतील मुलीतच काही असेल."

"मग?"

"मी सांगते. मीच."

खरं लिहायचं तर ह्या माणसाने मला सरळ विचारलं असतं, महिनाभर बोलू दिलं असतं, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. हे मी कुणालाही सांगणार नाही. आणि हे खरं असूनही मी आता हो म्हणू शकत नाही. माझा 'हो' माझ्याआधीच कुणीतरी देऊन टाकला आहे. आता मी जे म्हणेन ती फक्त त्याची पावती होईल.

सहकार, आदर्श वगैरे परीक्षेत लिहिलेले शब्द आज फार हलके वाटतात. भगवानरावांनी मला फसवलं असंही नाही. त्यांनी सरळ आप्पांकडे मागितलं. त्यांच्या दृष्टीने विचारायचं ते आप्पांनाच.

२२ एप्रिल

सावित्रीबाईंकडे जाऊन ओटीचा नारळ आणि खण परत ठेवला. त्यांनी ओरडावं असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "शिकल्याली हायेस म्हणून केली हुती पसंत. आन् शिकल्याली हायेस म्हणूनच न्हाई म्हनतीस. आमचंच चुकलं म्हनायचं." आणि चहा दिला. चहा गोड होता. मला तो फार जड गेला.

थंडी खोलीचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

वत्सलाकाकू दारातच भेटल्या. "लगीन मोडलं तर घागर परत करावी लागती. न्हाईतर पान्याचा बोल लागतो घराला."

"बोल वगैरे मी मानत नाही, काकू."

"तू नको मानू. ज्यांनी दिली त्या मानतेत."

२४ एप्रिल

पाणी परत करते आहे. डोंगराच्या कुशीत झिरा आहे, थेंबथेंब झिरपणारा, तिथे वाटीने भरावं लागतं. पहाटे निघते, ऊन चढायच्या आत दोन-तीन घागरी होतात. आई पहिल्या दिवशी घरातच राहिली. आज माझ्या मागे हंडा घेऊन चालत आली. तिथे माझ्या शेजारी वाटीने भरत बसली.

काहीजणी घागर घेतात आणि दार लावतात. एक म्हणाली, "पोरी, आमी खुशीनं दिलती गं." ती ऊसतोडीहून परत आली त्याच दिवशी घागर घेऊन आली होती. तिच्या टाचांच्या भेगांत अजून काळी माती आहे. मी मान खाली घालून पाणी तिच्या रांजणात ओतलं. दुसरी म्हणाली, "भगवानरावाला न्हाई म्हननारी तू. बघू आता कोन करतंय तुला." तिलाही ओतलं.

पोतं कोरडं पडलंय. वड्या बंद आहेत. मेडिकलवाला फोन करतो, मी उचलत नाही.

२६ एप्रिल

दुपार कलताना गाईचं हंबरणं ऐकू आलं. आप्पा छावणीतून दोन्ही बैल आणि गाय घेऊन चालत आले. धोतर गुडघ्यापर्यंत मातीने भरलेलं.

मी धावत गेले. "भगवानरावांनी काढलं का? छावणी सरकारी आहे, आप्पा. ते काढू शकत नाहीत. मी तहसीलला अर्ज करते."

"काढलं न्हाई. र्‍हावा म्हनले." त्यांनी बैल लिंबाला बांधले. "ज्याला शब्द दिला आन् मोडला, त्याच्या दावनीला माझं जनावर कसं बांधू?"

"दावण त्यांची नाही, सरकारची आहे."

"तुला सरकार दिसतं. मला रोज ते दिसतेत."

घरात कडबा चार दिवस पुरेल एवढाही नाही. पाणी म्हणजे एकच भरलेली घागर, सकाळी झिर्‍यावरून आणलेली. आज परत करायची राहिलेली, वत्सलाकाकूंची. गाय त्या घागरीकडे मान लांब करून उभी होती. जीभ बाहेर आलेली.

आई माझ्याकडे बघत होती. आप्पा दुसरीकडे बघत होते. मी घागर उचलली तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं की मी कुठे जाणार आहे. तीन जनावरं समोर, आणि माझा शब्द शेजारच्या दारात. मी काकूंच्या दारात गेले. मागे गाय हंबरली. मला मागे बघवलं नाही.

"घ्या काकू. तुमची."

काकूंनी घागर माझ्या डोक्यावरून उतरवून घेतली, आत डोकावून बघितली, गळ्यावर बोट फिरवलं. मग ती कमरेवर घेतली आणि सरळ आमच्या अंगणात चालत आल्या. लिंबाखालच्या दगडी डोणीत सगळी ओतली. गाईने तोंड घातलं.

"माझी मला मिळाली," काकू म्हणाल्या. "आता माझ्या पान्याचं मी काय बी करीन. कुनी इचारू नये." मग आप्पांकडे वळून जोरात, "आश्रुबा, पोरीला इचारायचं आसतं रे. मला बी कुनी इचारलं नव्हतं, बहात्तरला. घागरी मातर लई आलत्या."

आप्पांनी बैलांना डोणीकडे ढकललं, गाईला थोडं मागे ओढलं, म्हणजे तिघांनाही वाटणी पडेल.

काकू जाताना म्हणाल्या, पहाटे गारवा असतो, सूर्य वर यायच्या आत थापू आणि तो थर नको की बाई, नुसते लाडू वळू. लाडूला पाणी लागत नाही. मी हो म्हटलं. खजूर थोडा आहे, कोकोचा अर्धा डबा आहे. उद्या किती बायका येतील माहीत नाही. कदाचित फक्त काकूच.

कडब्याचं काय करायचं, तेही माहीत नाही.

आप्पा बाहेर लिंबाखाली बसले आहेत. मी भाकरी नेऊन ठेवली, त्यांनी ती खाल्ली.